आखानची मुले : दैवी शिक्षेच्या एका कथेचे अर्थनिर्णयन

प्रस्तावना

शब्दाचा अर्थ, त्याचा संदर्भ आणि त्याचे भाषांतर यांचा विचार आपण मागील घटकात सुटा सुटा केला. या घटकात तीच साधने एका सलग संहितेला लावून पाहावयाची आहेत. त्यासाठी मुद्दाम अवघड संहिता निवडली आहे. ती वाचताना मन दुखावते, आणि दुखावलेले मन घाईने अर्थ लावू लागते. धर्मग्रंथातील ईश्वर कठोर शिक्षा करतो तेव्हा वाचक एक तर त्याची वकिली करू लागतो, नाही तर ग्रंथ मिटून ठेवतो. या दोन्हींच्या आधी करण्याजोगे पुष्कळ काम असते. ते म्हणजे वाचन.

आपल्या अभ्यासक्रमात हा विषय कोठून आला, असे तुम्ही विचाराल. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, आणि त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा मराठी ओवीत आली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. कोकणातील बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ग्रंथांतील आख्यानांवर मराठी कीर्तनेही केली. मराठीत या कथा चारशे वर्षे वावरत आहेत. त्यांना परक्या समजून दूर ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

कथा

कथा ‘यहोशवा’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. इस्राएल लोकांनी यरीहो जिंकले आहे. त्या नगरातील सर्व काही देवासाठी राखून ठेवायचे, कोणी काही घ्यायचे नाही, अशी आज्ञा आहे. पुढचे नगर लहानसे, आय नावाचे. हेर सांगतात, सगळे सैन्य कशाला, दोन-तीन हजार माणसे पुरेत. सुमारे तीन हजार जातात, मार खाऊन परततात, आणि छत्तीस जण मारले जातात. यहोशवा जमिनीवर पालथा पडून शोक करतो. देव त्याला सांगतो : ऊठ, कोणीतरी राखीव वस्तूंपैकी काही घेतले आहे.

मग चिठ्ठ्यांनी शोध सुरू होतो. आधी वंश, मग कूळ, मग घराणे, मग एकेक पुरुष. वर्तुळ लहान होत होत यहूदा वंशातल्या आखान नावाच्या माणसाशी येऊन थांबते. यहोशवा त्याला ‘माझ्या मुला’ अशी हाक मारून कबुली देण्यास सांगतो, आणि तो देतो. शिनार देशचे एक सुंदर वस्त्र, दोनशे शेकेल रुपे आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची कांब आपण घेतली व तंबूत जमिनीखाली पुरली, असे तो सांगतो. वस्तू सापडतात. आखानला, त्या वस्तूंना, त्याच्या मुलांना व मुलींना, गुराढोरांना आणि तंबूला एका खोऱ्यात नेतात. तेथे दगडमार होतो आणि आग लावली जाते. वर दगडांची मोठी रास रचतात. देवाचा कोप शमतो. खोऱ्याला अखोर हे नाव पडते.

एका संपर्कसत्रात ही कथा मी वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मुलांनी काय केलं होतं?” वयाने त्या माझ्याएवढ्याच असाव्यात. त्यांचा मुलगा लहानपणीच गेला होता आणि घरच्यांनी त्याचा संबंध कुणाच्या तरी जुन्या पापाशी जोडला होता, हे त्यांनी नंतर चहाच्या वेळी सांगितले. तेव्हापासून ही कथा शिकवताना तो प्रश्न मी पहिल्यांदा घेतो आणि इतर विवेचन त्याच्या भोवती ठेवतो.

एका शब्दाचे दोन चेहरे

देवासाठी राखलेल्या वस्तूंना मूळ हिब्रूत ‘हेरेम’ असा शब्द आहे. त्याचा धातू ह-र-म. हाच धातू अरबीत आहे, आणि तेथून फारसीच्या वाटेने तो आपल्या घरातही येऊन बसला आहे. हराम, हरामखोर, मोहरम, हरमखाना हे शब्द पाहा. हराम म्हणजे निषिद्ध, मोहरम म्हणजे पवित्र महिना. एकाच धातूतून पवित्र आणि निषिद्ध हे दोन्ही अर्थ कसे निघाले? कारण मुळात कल्पना एकच आहे : माणसाच्या व्यवहारातून बाजूला काढलेले. जे बाजूला काढले ते देवाचे म्हणून पवित्र, आणि देवाचे म्हणूनच आपल्याला वर्ज्य. सोवळ्यातल्या वस्तूला हात लावू नये, हा आपल्याकडील संकेत आठवला की यातले अर्धे कळते.

मराठीत ‘हेरेम’ला ‘समर्पित’ म्हणावे तर वध व विध्वंस नाहीसा होतो. ‘शापित’ म्हणावे तर देवाची मालकी नाहीशी होते. यरीहोतील सोनेरुपे देवाच्या भांडारात जाते आणि यरीहोतील माणसे मारली जातात, पण दोन्हींना शब्द एकच. भाषांतरकाराने यांतील काहीही निवडले तरी वाचकाच्या मनातला निम्मा अर्थ सांडतो. मला स्वतःला मूळ शब्द ठेवून खाली टीप देणे अधिक प्रामाणिक वाटते.

हा शब्द एकट्या इस्राएलाचा नव्हता. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला. तो इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातील असून आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा सांगतो की आपला देव कमोश स्वतःच्या भूमीवर रागावला होता, म्हणून इस्राएलने मवाबला छळले. पुढे राग शमला, आणि आपण नबो नावाचे नगर इस्राएलकडून घेऊन तेथील सात हजार लोक मारले, कारण ते देवतेसाठी हेरेम केले होते. क्रियापद तेच, धातू तोच. पराभव झाला म्हणजे आपलाच देव आपल्यावर रागावला, हे तर्कशास्त्रही तेच. फक्त या वेळी मरणारे इस्राएली आहेत. बायबलमधील कोपिष्ट देवाविषयी बोलताना हा शिलालेख जवळ ठेवावा. त्या काळी त्या टापूत युद्ध आणि देव यांविषयी ज्या भाषेत बोलत, ती भाषा त्यातून ऐकू येते.

मात्र एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ‘त्या काळी असेच होते’ हे वाक्य खरे असले तरी ते स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोहोंची गल्लत वारंवार आढळते.

पाप आणि फळ

आता दुसरा शब्द. हिब्रूत ‘आवोन’ म्हणजे पाप, त्या पापाचा दोष, आणि त्याचे भोगावे लागणारे फळही. ‘उत्पत्ती’च्या चौथ्या अध्यायात भावाचा खून केल्यावर काइन म्हणतो की माझा आवोन मला पेलवत नाही. तो पश्चात्ताप करतो आहे की शिक्षेविषयी तक्रार? व्याकरण दोन्ही वाचनांना वाट देते. जर्मन अभ्यासक क्लाउस कॉख यांनी १९५५ मध्ये एका गाजलेल्या लेखात असे मांडले की अशा ठिकाणी न्यायाधीश, कायदा, शिक्षा हे चित्र मनातून काढावे. कृती आणि तिचे फळ हे एकाच वस्तूचे दोन टोक आहेत, देव बाहेरून दंड लादत नाही, जे पोटात आहे त्याचा सुईणीसारखा जन्म घडवतो. कॉख यांची मांडणी सर्वत्र लागू पडत नाही. आखानच्या कथेत तर देव बोलतो, चिठ्ठ्या पडतात, चौकशी होते, कबुली घेतली जाते, म्हणजे न्यायालयाचे बरेच साहित्य आहे. पण ‘भोग’ हा शब्द सुख आणि दुःख दोन्हींसाठी वापरणाऱ्या आणि ‘पाप फळाला आले’ असे सहज म्हणणाऱ्या मराठी वाचकाला त्यांचा मुद्दा चटकन समजावा.

तिसरा शब्द मला विशेष आवडतो. दहा आज्ञांमध्ये वडिलांच्या आवोनाबद्दल देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जे करतो, त्यासाठी ‘पाकद’ हे क्रियापद आहे. म्हाताऱ्या सारेला मूल होते तेव्हा देवाने तिच्याबाबत जे केले, त्यालाही ‘पाकद’च म्हटले आहे. भेट घेणे, दखल घेणे, हिशोब घेणे अशा त्याच्या छटा सांगतात. मराठीत याला जवळजवळ तंतोतंत जोड आहे : ‘समाचार घेणे’. आजाऱ्याचाही समाचार घेतात आणि चोराचाही. कृपा आणि कोप ही दोन वेगळी खाती नाहीत. एकच देव लक्ष घालतो, आणि त्या लक्ष घालण्याला माणूस कोणत्या स्थितीत सामोरा जातो यावर पुढचे ठरते.

आपली प्रगती तपासा : ‘हेरेम’साठी मराठी प्रतिशब्द निवडताना काय गमावते, हे आपल्या शब्दांत चार-पाच ओळींत लिहा. ‘समाचार घेणे’सारखे परस्परविरुद्ध छटांचे आणखी दोन मराठी शब्दप्रयोग शोधा.

मुलांवर नेमके काय ओढवले?

वरील विवेचनाने आखानची शिक्षा समजते. मुलांचा प्रश्न तसाच उरतो. म्हणून आता संहितेकडे अधिक बारकाईने पाहू.

पंचविसाव्या वचनात हिब्रू संहिता चमत्कारिक चालते. सर्व इस्राएलने ‘त्याला’ दगडमार केला, हे एकवचन. त्यानंतर ‘त्यांना’ जाळले आणि ‘त्यांना’ दगड मारले, हे अनेकवचन. शिवाय दगड मारण्यासाठी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. एकदा दगडमार झाल्यावर पुन्हा तो का सांगावा? हे ‘ते’ कोण? सेप्टुआजिंट नावाचे प्राचीन ग्रीक भाषांतर पाहिले तर तेथे हा अनेकवचनी भाग नाहीच. तेथे फक्त आखानला दगडमार होतो. ग्रीक भाषांतरकारांपुढे अधिक छोटी हिब्रू प्रत होती, की त्यांनी वाक्य गाळले? माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. एकवचन-अनेकवचनाचा हा सांधा इतका उघडा आहे की वाक्याची शेपूट मागाहून जोडली गेली असावी असे वाटते. पण हा कल आहे, निर्णय नव्हे.

ज्यू परंपरेला हा सांधा फार पूर्वी दिसला. तालमूदमध्ये या कथेवर चर्चा आहे. ज्यू समाजाचा प्रमुख रव हुना यांना विचारतो : आखानने पाप केले, पण त्याच्या मुलामुलींनी काय केले? आमच्या विद्यार्थिनीचाच हा प्रश्न. रव हुना उलट विचारतात : सगळे इस्राएल त्याच्याबरोबर खोऱ्यात गेले असेही लिहिले आहे, मग त्या सगळ्यांनी काय केले होते? ते गेले धडा घेण्यासाठी, तशीच मुलेही. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी हेच वाचन स्वीकारतो. जाळले ते तंबू व सामान, दगड मारले ते गुरांना, असे तो ‘त्यां’चे वाटप करतो. हे वाचन ओढूनताणून केलेले आहे का? काहीसे आहेच. चोविसाव्या वचनाची यादी सलग वाचणाऱ्याला मुले वाचली असे सहजी वाटणार नाही. पण ही ओढाताण का झाली ते पाहा. निरपराध मुलांना ठार मारणारा न्याय या भाष्यकारांना अशक्य वाटत होता, आणि तसे वाटण्याला त्यांना त्याच ग्रंथाचा आधार होता.

‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट नियम आहे : मुलांच्या गुन्ह्यासाठी बापाला आणि बापाच्या गुन्ह्यासाठी मुलांना मृत्युदंड देऊ नये. अमस्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना मारले, पण याच नियमानुसार त्यांच्या मुलांना हात लावला नाही, अशी नोंद ‘दुसरे राजे’ या पुस्तकात आहे. पुढे यहेज्केल संदेष्टा बाबेलातील निर्वासितांशी बोलतो. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ल्याने आपले दात आंबले, अशी एक म्हण त्या लोकांच्या तोंडी होती. ती म्हण यापुढे वापरू नका, असे तो बजावतो. जो पाप करील तोच मरेल. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीचा समाचार घेणारे वचन आणि बापाचा दोष मुलाला नाही म्हणणारे वचन ही दोन्ही एकाच ग्रंथसंग्रहात आहेत, आणि संग्राहकांनी एकासाठी दुसरे खोडले नाही.

हे का, ते समजण्यास कथेचा काळ उपयोगी पडतो. १९४३ मध्ये मार्टिन नोथ यांनी मांडले की ‘अनुवाद’पासून ‘राजे’पर्यंतची पुस्तके हा एक सलग इतिहास असून तो यरुशलेमच्या इ. स. पू. ५८७-५८६ मधील पाडावानंतर सिद्ध झाला. या सिद्धान्तात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला आहे. मंदिर जळाले आहे, लोक परक्या देशात आहेत. बाबेलच्या देवांपुढे आपला देव दुबळा ठरला, असे म्हणणे सोपे होते. त्याऐवजी हे लेखक म्हणतात : देव हरला नाही, आपण चुकलो. छत्तीस माणसे का मेली, या प्रश्नाला आखानची कथा हेच उत्तर देते. पराभूत माणूस दोष स्वतःकडे घेतो तेव्हा त्यात एक प्रकारचा धीर असतो, कारण चूक आपली असेल तर सुधारणेची वाटही आपल्या हाती राहते. याच उत्तराचे दुसरे टोक भयंकर आहे. समूहाचे दुःख समजून घेण्यासाठी एक आखान शोधावा लागतो, आणि एकदा शोध सुरू झाला की वर्तुळ कोणाभोवती तरी आवळले जाणारच. साथीच्या रोगात, दुष्काळात ‘कोणाच्या तरी पापाने’ म्हणत कोणाला तरी वाळीत टाकलेले आपण ऐकले-पाहिले आहे.

पुरातत्त्वाचाही एक पुरावा आहे. आय हे नगर सामान्यतः एत-तेल या टेकाडाशी जोडले जाते. १९३३ ते १९३५ मध्ये ज्युडिथ मार्के-क्राउसे यांनी आणि १९६४ पासून जोसेफ कॅलवे यांनी तेथे उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे २४०० ते १२०० या काळात तेथे वस्तीच नव्हती, असे दिसून आले. ही जागाच चुकीची असल्याचे मानणारे अभ्यासक आहेत. तरी ‘आय’ या नावाचा अर्थच ‘भग्नावशेष’ असा घेतला जातो, हे लक्षात ठेवावे. जुन्या ओसाड टेकाडाकडे आणि खोऱ्यातील दगडांच्या राशीकडे बोट दाखवून सांगितलेली ही कथा असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा मुले प्रत्यक्षात मेलीच नसतील, असे म्हणून आपण सुटतो का? मला तसे वाटत नाही. कथा शतकानुशतके आदर्श म्हणून वाचली गेली, आणि कथेतली मुलेही वाचकाला काहीतरी शिकवत असतात.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपण सारे आखानच्या मुलांसाठी हळहळतो. पुढच्याच अध्यायात आय नगरातील बारा हजार स्त्रीपुरुष मारले जातात, त्याला एक वाक्य पुरते, आणि बहुतेक वाचक तेथे थांबतही नाहीत. आखानला नाव आहे, वंशावळ आहे, कबुलीचे भाषण आहे, म्हणून त्याची मुले आपल्याला मुले वाटतात. या पुस्तकात उलट दिशेचे उदाहरणही आहे. यरीहोतील राहाब ही कनानी वेश्या हेरांना लपवते आणि सहकुटुंब वाचते. शत्रूच्या नगरातील स्त्री घरादारासह आत येते, यहूदा वंशातला पुरुष घरादारासह बाहेर जातो. लेखकाने ही जोडी मुद्दाम रचली असावी. कोण आपला आणि कोण परका हे रक्तावरून ठरत नाही, असे त्याला म्हणायचे असेल. पण ज्यांना राहाबसारखी संधी मिळाली नाही त्यांच्याबद्दल तो काही बोलत नाही.

नव्या करारातील पडसाद

जुन्या करारातला देव कोपिष्ट आणि नव्या करारातला प्रेमळ, अशी सोपी विभागणी तुम्ही ऐकली असेल. दुसऱ्या शतकातील मार्सियनने ती टोकाला नेली व हिब्रू ग्रंथच नाकारले. ख्रिस्ती मंडळीने त्याचे म्हणणे पाखंड ठरवले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचला की ही विभागणी का टिकत नाही ते कळते. हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे जमीन विकते, काही पैसे मागे ठेवते आणि सगळे दिल्याचे भासवते. पेत्र जाब विचारतो आणि हनन्या कोसळून मरतो. सुमारे तीन तासांनी, काय घडले याची कल्पना नसलेली सप्पीरा येते, तेच खोटे बोलते आणि तीही मरते. पैसे काढून घेण्यासाठी येथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच सेप्टुआजिंटमध्ये आखानच्या चोरीसाठी वापरलेले आहे. शब्द विरळ आहे, योगायोग मानणे कठीण.

फरकही पाहा. येथे कोणी दगड उचलत नाही. मृत्यूचे कारण लेखक सांगत नाही. पैसे द्यायलाच हवे होते असेही नाही, ते तुझेच होते, असे पेत्र म्हणतो. आणि मुलांचा उल्लेख नाही. तरीही तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या टीकाकाराला ही कथा क्रूर वाटली, आणि जेरोमला उत्तर द्यावे लागले की पेत्राने त्यांच्या मरणाची इच्छा केली नव्हती. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे याच लेखकाच्या मानल्या जाणाऱ्या पहिल्या पुस्तकात, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा प्रसंग आहे. ते इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, असे येशू सांगतो. एकाच लेखकाने दोन्ही लिहिले हे विसरू नये.

ऑरिगेनने वेगळी वाट काढली. हिब्रूत सोन्याच्या कांबेला ‘सोन्याची जीभ’ म्हटले आहे. ऑरिगेन तिचा अर्थ खोट्या मतांना सजवणारी सुंदर वाणी असा लावतो. कल्पना चतुर आहे. पण जीभ रूपक झाली की आखानही रूपक होतो आणि मुले अदृश्य होतात. अडचण सुटत नाही, फक्त नजरेआड जाते.

मला ज्यू परंपरेतील एक वाचन अधिक भिडते. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात असे आहे की मृत्युदंड झालेल्याला वधस्थानापासून थोड्या अंतरावर कबुली देण्यास सांगावे, आणि त्याला दाखला आखानचा. यहोशवा त्याला म्हणतो की ‘आज’ देव तुला क्लेश देईल. आज, म्हणजे पुढच्या जगात नव्हे. एका क्रियाविशेषणावर शास्त्र्यांनी आखानची सुटका टांगली. होशेय संदेष्ट्यानेही अखोराचे खोरे तसेच सोडले नाही. त्या नावात क्लेश देणे हा धातू आहे. ते खोरे पुढे आशेचे दार होईल, असे तो म्हणतो.

त्या विद्यार्थिनीला मी तेव्हा यहेज्केलचा अठरावा अध्याय वाचायला दिला. त्यांनी तो वाचून परत येताना विचारले, “हे आधीच का नाही सांगितलं देवानं?” मी उत्तर दिले नाही. तो प्रश्न खालील स्वाध्यायात तिसरा आहे.

स्वाध्याय

१. यहोशवा ७:२५ मधील एकवचन व अनेकवचन यांच्या आधारे मुलांच्या मृत्यूविषयीची दोन वाचने मांडा. तुम्हाला कोणते पटते, ते कारणांसह लिहा.

२. आखानची आणि हनन्या-सप्पीरा यांची कथा यांतील साम्य व फरक भाषिक पुराव्यांसह स्पष्ट करा.

३. एकाच ग्रंथसंग्रहात पिढीजात शिक्षा आणि व्यक्तिगत जबाबदारी या दोन्ही भूमिका राहिल्या आहेत. संग्राहकांनी त्यांतील एक का खोडली नसावी? उत्तर लिहिताना परिसरात ऐकलेला, दुःखाचे कारण कुणाच्या पापात शोधणारा एखादा शब्दप्रयोग विचारात घ्या. मात्र कोणाही व्यक्तीचे नाव लिहू नका.